ज्या मालिकेत काम करतो, तीच बघू नका म्हणणारा मुलगा

रानफूल (धागाकर्ती)

मराठी मालिकांच्या धाग्यावर काल विषय निघाला होता, की कलाकाराने स्वतःच्या चालू मालिकेबद्दल जाहीरपणे वाईट बोलावं का. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. माझ्या डोक्यात या बाबतीत एक प्रकरण पक्कं बसलेलं आहे, ते आधी मांडते.

नोव्हेंबर २०१२. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'टू अँड अ हाफ मेन' ही विनोदी मालिका दहाव्या वर्षात होती. नावातला 'हाफ' म्हणजे जेक हार्पर हा मुलगा. ती भूमिका करणारा अँगस टी. जोन्स २००३ साली मालिका सुरू झाली तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि आता नुकताच एकोणीस पूर्ण झाला होता. तो सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या चर्चमध्ये जाऊ लागला होता. त्या वर्तुळातल्या एका धार्मिक गटाने त्याचा व्हिडिओ काढला. त्यात कॅमेऱ्यासमोर बसून त्याने सरळ सांगितलं, की तुम्ही ही मालिका बघत असाल तर कृपया बंद करा, मी त्यात आहे पण मला त्यात राहायचं नाही, डोक्यात ही घाण भरून घेऊ नका.

बातम्यांनुसार तेव्हा त्याला एका भागाचे तीन लाख डॉलरहून जास्त मिळत होते. साहजिकच जगभर गाजावाजा झाला. लगेचच त्याचं निवेदन आलं. त्यात निर्माते चक लॉरी, वॉर्नर ब्रदर्स, सगळे सहकलाकार आणि तंत्रज्ञ यांचे आभार होते. आपल्या बोलण्यातून सहकाऱ्यांचा अनादर झाला असेल किंवा मिळालेल्या संधीची कदर नाही असं वाटलं असेल, तर क्षमस्व, असं त्याने म्हटलं. पण मालिका चांगली आहे, असं त्या निवेदनात कुठेही नव्हतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसं दुखावली त्याबद्दल त्याने माफी मागितली, मताबद्दल नाही.

त्या वेळच्या बहुतेक चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरल्या: पोरगा कृतघ्न आहे किंवा पोराचं ब्रेनवॉशिंग झालं आहे. तो जे म्हणतो आहे ते खरं आहे का, हे फार थोड्यांनी विचारलं. मालिका आठवून बघा. घरात एक दारुडा, बाईलवेडा काका, एक लाचार बाप, आणि मध्ये एक लहान मुलगा. मालिकेचे अर्धे विनोद याच गोष्टीवर उभे होते, की मुलाच्या कानावर पडू नये ते पडतं आहे. तो मुलगा खोटा नव्हता. जेक हे पात्र खोटं, पण ते वाक्य ऐकणारे कान अँगसचेच होते, नवव्या वर्षापासून.

माझं म्हणणं एवढंच आहे: मोठ्या वयात डोळे उघडे ठेवून करार करणारा नट आणि नवव्या वर्षी आईवडिलांच्या सहीने आत गेलेला मुलगा यांना एकच माप लावू नका. दुसऱ्याला मोठेपणी 'नको' म्हणायचा हक्क जास्त आहे, आणि तो हक्क त्याने जाहीरपणे वापरला तरी मी त्याच्या बाजूची आहे.

---

चौथी_भिंत

धागा चांगला, पण असहमत.

नवव्या वर्षी सही आईवडिलांची, मान्य. अठराव्या वर्षानंतर काय? व्हिडिओ आला तेव्हा तो सज्ञान होता, मानधन चालू होतं, आणि सीझनचे भाग शूट व्हायचे बाकी होते. नको असेल तर निर्मात्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगावं, वकिलामार्फत करारातून बाहेर पडावं. प्रेक्षकांना 'बघू नका' सांगणं म्हणजे त्याच सेटवर रोजंदारीवर असलेल्या माणसांच्या पोटावर पाय. लाइटवाला, मेकअप दादा, स्पॉट, शिवणकाम करणाऱ्या बायका, यांना तीन लाख डॉलर मिळत नव्हते.

आणि त्याच मालिकेने दीडच वर्ष आधी एक भूकंप सोसला होता. काकाचं काम करणाऱ्या चार्ली शीनने निर्मात्यावर जाहीर आगपाखड केली, मार्च २०११ मध्ये त्याला काढलं, त्या सीझनचे उरलेले भाग रद्द झाले. त्या भागांचे पैसे बुडाले त्याची झळ तंत्रज्ञांनाच बसली असणार. हे बघूनही हा मुलगा पुन्हा तेच करतो?

---

रानफूल

@चौथी_भिंत, तंत्रज्ञांचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण शीन आणि जोन्स यांना एका रांगेत बसवू नका. शीनची आगपाखड लॉरीवर होती, वैयक्तिक होती, आणि पुढे त्याने दहा कोटी डॉलरचा दावाही ठोकला. जोन्सने कोणा व्यक्तीचं नाव घेऊन शिवी दिली नाही, पैसे मागितले नाहीत. त्याने मालिकेतल्या मजकुरावर बोट ठेवलं.

केबिनमध्ये जाऊन सांगण्याबद्दल म्हणाल, तर दहा वर्षं ज्या माणसांनी तुम्हाला 'बाळ' म्हणून वाढवलं त्यांच्या समोर बसून 'तुम्ही जे लिहिता ते मला चुकीचं वाटतं' म्हणणं एकोणिसाव्या वर्षी किती जणांना जमेल? आपल्याला पहिल्या नोकरीत साहेबाला रजा मागताना घाम फुटतो.

---

डेन्व्हरकर

इथे अमेरिकेत ही मालिका पुनःप्रक्षेपणात रोज संध्याकाळी लागायची, त्यामुळे इच्छा नसताना बरीच बघून झाली आहे.

एक गोष्ट रानफूल यांच्या मांडणीत यायला हवी होती. पहिल्या काही वर्षांत जेक गोंडस, बेरकी मुलगा होता, मोठ्यांच्या ढोंगावर एखादं निरागस वाक्य टाकून सगळ्यांना गप्प करणारा. मालिकेतलं सगळ्यात चांगलं लेखन त्याच्या वाट्याला यायचं. मुलगा वयात आला आणि लेखकांना त्याचं काय करावं कळेना. मग जेक मंद झाला, नंतर गांजा ओढणारा झाला, मग सैन्यात गेला, आणि व्हिडिओच्या आसपासच्या भागांत तर त्याच्याहून खूप मोठ्या वयाच्या बाईशी त्याचं प्रकरण दाखवत होते. म्हणजे श्रद्धा एका बाजूला चाललेली आणि भूमिका नेमकी उलट बाजूला. त्याच महिन्यांत ही टोकं तुटली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

पुढचंही सांगतो. त्याला काढलं नाही. तो सीझन त्याने पूर्ण केला. पुढच्या सीझनपासून तो नियमित कलाकारांत नव्हता. तो इथे आमच्या कोलोरॅडोत बोल्डरच्या विद्यापीठात शिकायला आला. २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या एका वाहिनीला मुलाखत देताना त्याने स्वतःला पगारी ढोंगी म्हटलं होतं, कारण जे पटत नव्हतं तेच तो करत राहिला होता. लोकांच्या आयुष्यात ज्या गोष्टी खऱ्या समस्या आहेत त्यांची आपण थट्टा करत होतो, असं त्याचं म्हणणं होतं. चौथी_भिंत यांचा आक्षेप हाच आहे ना? तो त्याने स्वतःवर आधीच घेतला आहे.

---

आजीचा_बटवा

वाचते आहे. मला ती मालिका माहीत नाही पण मुद्दा कळला. आपल्याकडे असं कोणी केलेलं आठवत नाही.

---

कॉलशीट

आपल्याकडे का होत नाही ते मी सांगू शकेन. मी मराठी दैनंदिन मालिकांवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो, म्हणून मालिकेचं किंवा वाहिनीचं नाव लिहिणार नाही.

तिकडे वर्षाला बावीस-चोवीस भाग. आमच्याकडे आठवड्याला सहा, कधी सात. रविवारी महाएपिसोड आला की त्याची वेगळी ओढाताण. बँक म्हणजे पुढचे तयार भाग. बँक चार दिवसांची असली तरी आम्ही सुखी. बऱ्याचदा आज शूट केलेलं परवा दिसतं. सकाळी मेकअप होतो तेव्हा सीन आलेला नसतो. तो दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, प्रिंट निघते, नट जेवता जेवता पाठ करतो. 'हे पात्र असं का वागेल?' हा प्रश्न विचारायला जागा कुठे आहे? लेखक सेटवर नसतो. कथानकाचं वळण वाहिनीच्या बैठकीत ठरतं, गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की ट्रॅक बदलतो. नटाने तक्रार करायची कोणाकडे? दिग्दर्शक म्हणतो निर्मात्याशी बोल, निर्माता म्हणतो चॅनलचं प्रेशर आहे.

शिवाय पैसे. कामाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी मिळतात. म्हणजे आज जो बोलेल त्याचे तीन महिन्यांचे पैसे समोरच्याकडे अडकलेले असतात. २०२१ च्या सुरुवातीला 'हे मन बावरे'मधल्या कलाकारांनी थकलेल्या मानधनाबद्दल समाजमाध्यमांवर उघड लिहिलं. शशांक केतकरसारखा नाव असलेला नट बोलला म्हणून बातमी झाली. पण ते मालिका संपल्यावर, आणि मुद्दा पैशांचा होता. 'आमची मालिका बायकांबद्दल चुकीचं दाखवते' असं चालू मालिकेतला नट बोललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला नाही.

एक प्रसंग मात्र लिहितो. आमच्याकडे एक विशीतला मुलगा होता, नायकाचा धाकटा भाऊ. सीन असा, की घरातल्या सुनेला थप्पड बसते आणि हा बाजूला उभा राहून हसतो. त्याने तीन टेक दिले. कॅमेरा वहिनीवर होता तोवर ठीक. त्याच्या क्लोजअपला तो हसेचना. दिग्दर्शक ओरडला, याने मान खाली घातली. शेवटी म्हणाला, 'दादा, मी रागावलेला उभा राहतो, चालेल का?' शिफ्ट संपायला आली होती, तसाच घेतला. दोन दिवसांनी वाहिनीकडून विचारणा आली की लिहिल्याप्रमाणे का नाही. महिनाभरात धाकट्या भावाला शिक्षणासाठी परदेशी पाठवलं. आमच्या धंद्यात परदेशी पाठवणं म्हणजे काय, ते प्रेक्षकांनाही ठाऊक असतं.

त्याने कुठेही पोस्ट टाकली नाही, व्हिडिओ काढला नाही. केबिनमध्ये बोलावं म्हणणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

---

चौथी_भिंत

कॉलशीट, मनापासून लिहिलंत, धन्यवाद.

तरीही टीका आणि बहिष्काराचं आवाहन यांत मी फरक करेन. टीकेचं माझ्या मते सगळ्यात उत्तम उदाहरण 'गुड टाइम्स' या मालिकेचं आहे. सत्तरच्या दशकातली, निर्माता नॉर्मन लिअरची, शिकागोतल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट. मोठा मुलगा जे.जे. याचे विदूषकी चाळे लोकप्रिय झाले आणि लेखक सगळं त्याच्याभोवतीच विणू लागले. वडिलांचं काम करणारा जॉन अ‍ॅमोस आणि आईचं काम करणारी एस्थर रोल, दोघांनी याला विरोध केला. रोल तर १९७५ मध्ये 'एबनी' मासिकात उघड बोलली. अ‍ॅमोसचा आक्षेप असा, की घरात अजून दोन हुशार मुलं आहेत, त्यांच्या स्वप्नांकडे बघा, सगळा वेळ या माकडचेष्टांना का देता. १९७६ मध्ये त्याला काढलं आणि वडिलांचं पात्र मोटार अपघातात मारून टाकलं. रोलही पुढच्या सीझननंतर बाहेर पडली. शेवटच्या सीझनला परतली.

ही माणसं 'बघू नका' म्हणाली नाहीत. नेमकं काय बिघडलं आहे आणि काय करायला हवं, हे त्यांनी सांगितलं. आपल्या समाजातल्या मुलांनी पडद्यावर काय बघावं याची त्यांना काळजी होती. अशा टीकेच्या मागे मी उभा राहीन, पैसे घेत असताना केली तरी.

---

रानफूल

उदाहरण अगदी चपखल आहे. फक्त एक पाहा: अ‍ॅमोस नेमकं बोलला, सुधारणा सुचवल्या, सेटवर भांडला, आणि तरी त्याच्या पात्राला अपघातातच पाठवलं. म्हणजे कसं बोललात यावर शिक्षा ठरत नाही. बोललात यावर ठरते.

२००८ मधली अभिनेत्री कॅथरीन हायगल घ्या. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या मालिकेसाठी आदल्याच वर्षी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळालेली. तिने त्या वर्षी नामांकनासाठी नाव दिलं नाही आणि कारण सांगितलं, की यंदा त्या तोडीचं काम मला लिहून मिळालं नाही. शिवी नाही, बहिष्कार नाही. 'तिच्याबरोबर काम करणं कठीण' हा शिक्का पुढे कित्येक वर्षं तिच्या नावामागे राहिला. पुरुष नटांना हाच शिक्का इतका चिकटतो का, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

---

साक्षीपुरावा

कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो, कारण वर 'आईवडिलांची सही' हा शब्दप्रयोग आला आहे.

भारतात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो. १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) ते पक्कं केलं. म्हणून बालकलाकाराचा करार पालक करतात. याचा अर्थ असा की ज्याचं बालपण, त्याची कागदावर सहीच नसते.

पैशांचं म्हणाल तर याची सुरुवात अमेरिकेत जॅकी कूगनपासून झाली. चॅप्लिनबरोबर 'द किड'मध्ये काम केलेला तो पोरगा. लहानपणी लाखो डॉलर कमावले, मोठा झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र बापाने जवळपास सगळे उडवले. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, आणि त्या गदारोळातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाचा कायदा झाला. आता तिथे बालकलाकाराच्या एकूण कमाईतले १५ टक्के स्वतंत्र ट्रस्ट खात्यात ठेवावे लागतात. जोन्सही याच व्यवस्थेत वाढला.

आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये केंद्राचे नियम आले. बालकलाकारासाठी त्यांत हे आहे: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळेत खंड पडता कामा नये, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करायचे. आणि धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेलं कलम: मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध आणि संमतीशिवाय कोणत्याही कार्यक्रमात भाग घ्यायला लावायचं नाही.

---

सईची_आई

इतके दिवस फक्त वाचक होते, या विषयावर लिहावंसं वाटलं. (सई हे लेकीचं खरं नाव नाही.)

माझ्या मुलीने एका मालिकेत काम केलं आहे. कोणती ते विचारू नका. सुरुवातीला फार छान गेलं. सेटवर सगळे लाड करायचे. मेकअप रूममध्ये एका कोपऱ्यात तिचा गृहपाठ चालायचा, हेअरड्रेसर ताई पाढे म्हणून घ्यायच्या.

मग कथेत सावत्र आई आली. एके दिवशी सीन हातात पडला. लेकीने सावत्र आईच्या ताटात जाणूनबुजून मीठ ओतायचं आणि म्हणायचं, 'तुला मूल होणार नाही, म्हणून तू मला घ्यायला आलीस.' सईने वाक्य दोनदा वाचलं. तिची सख्खी मावशी, माझी बहीण, मूल व्हावं म्हणून तेव्हा उपचार घेत होती. सईला ते घरात ऐकून माहीत होतं. ती मला म्हणाली, 'आई, मावशी ही सिरियल रोज बघते ना?'

मी दिग्दर्शकांना बाजूला घेऊन सांगितलं. ते भले गृहस्थ होते. मीठ ठेवलं, ते वाक्य काढलं. पुढच्या महिन्यात सईचे सीन कमी होत गेले आणि मग मालिकेने काही वर्षांची उडी घेतली. उडीनंतर मोठी मुलगी आली. असं नेहमीच होतं, कदाचित त्याचा आमच्याशी संबंध नसेलही. पण एक आई म्हणून सांगते, त्या दिवशी सईने मला विचारलं नसतं तर मी ते वाक्य तिच्याकडून पाठ करून घेतलं असतं. आम्ही पालक सेटवर बसून पाठांतर घेतो, अर्थाकडे लक्षच नसतं. आणि आठ-नऊ वर्षांच्या सगळ्याच मुली विचारत नाहीत.

म्हणून त्या अमेरिकन मुलाला कृतघ्न म्हणवत नाही. त्याने एकोणिसाव्या वर्षी विचारलं, एवढंच.

---

कॉलशीट

सईची_आई, तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा.

साक्षीपुरावा यांनी दिलेले नियम सगळ्या युनिटना माहीत आहेत. पाच तासांचं गणित साधारण सांभाळलं जातं, निदान मोठ्या वाहिन्यांच्या मालिकांत, कारण तिथे कागद तपासले जातात. इच्छेविरुद्ध काम नको हे कलम मात्र कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, कुठे लिहायचं? मुलाची इच्छा कोण विचारतं? मुलाला चॉकलेट दिलं की ते हो म्हणतं.

---

डेन्व्हरकर

शेवट कोणी विचारला नाही, पण सांगायला हवा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मालिका संपली, बारा सीझन आणि २६२ भागांनंतर. त्या शेवटच्या भागात अँगस जोन्स दाढी वाढवून छोट्याशा प्रसंगासाठी परत आला. जेकचं लग्न झालं आहे, जुगारात पैसे जिंकले आहेत, असं दाखवलं. २०२३ मध्ये चक लॉरीच्याच नव्या मालिकेत तो चार्ली शीनबरोबर पुन्हा थोडा वेळ दिसला. म्हणजे ज्यांना उघड बोलला त्यांच्याकडे त्याला परत जाता आलं, आणि त्यांनीही दार उघडलं. चक लॉरीबद्दल मला फार प्रेम नाही, पण हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

---

चौथी_भिंत

हे मला माहीत नव्हतं. चांगलं वाटलं वाचून.

आपल्याकडे असं दार उघडेल का? जानेवारी २०२२ मध्ये किरण माने यांना 'मुलगी झाली हो'मधून काढलं. राजकीय पोस्टमुळे काढलं असं त्यांचं म्हणणं होतं, सेटवरच्या वर्तनामुळे असं निर्मात्यांचं. खरं काय यात मी जात नाही. पण महाराष्ट्रभर दोन तट पडले. मालिका सुरू असताना बोलणाऱ्याचं पुढे काय होतं, याचा धसका त्यानंतर इतर कलाकारांनी घेतला असेल, असं कॉलशीट यांचं वाचून वाटतं.

---

आजीचा_बटवा

माझ्या नातवाला जाहिरातीसाठी विचारलं आहे, म्हणून साक्षीपुरावा यांना प्रश्न. ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आम्ही काढायची की त्यांनी?

---

साक्षीपुरावा

@आजीचा_बटवा, अर्ज निर्मात्याने करायचा असतो. जिथे शूटिंग असेल त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्जाबरोबर पालकांची संमती आणि मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर आहे त्याचं नाव द्यावं लागतं. परवानगीची प्रत मागून घ्या. मुदत ठेवीची पावती नातवाच्याच नावाची आहे ना, तेही बघा. आणि जाहिरातीचं स्क्रिप्ट शूटिंगच्या आधी घरी मागवा, नातवाला मोठ्याने वाचून दाखवा.